रंगवलेली डायल

आमच्या मासेवालीच्या जावयाचं घड्याळ डुप्लिकेट आहे असं ज्या कुणी लिहिलं होतं, त्या माणसाला समोर उभं करून चांगलं झापायचं, असं त्या रविवारी मी ठरवलं होतं. मी एकदा ठरवलं की करते. घरात हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून नवरा पेपर घेऊन गॅलरीत निघून गेला.

आम्ही भाईंदरला जेसल पार्कात राहतो, दुसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या बिल्डिंगमध्ये. मुर्धा गावची ही मासेवाली सतरा-अठरा वर्षं दर बुधवारी आणि रविवारी डोक्यावर पाटी घेऊन तो जिना चढतेय. वयाने माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण मला 'तू' म्हणते, माझ्या नवऱ्याला 'तू' म्हणते, सोसायटीच्या चेअरमनलाही 'तू'च म्हणते आणि तो गुपचूप बोंबील घेतो. त्या रविवारी तिने दारात पाटी उतरवली आणि भाव सांगायच्या ऐवजी उंबऱ्यावर बसली. इतक्या वर्षांत ती कधी बसली नव्हती. मी विचारलं, काय गं, बरं नाही का. तर म्हणाली, "ताय, तुज्याकडं घड्याळाचा काम हाय."

घड्याळाचं काम माझ्याकडे येण्यात नवल नाही. अठ्ठावीस वर्षं मी मुंबईत एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये घड्याळं उघडली आणि बंद केली. काउंटरवरून आत डोकावून गिऱ्हाईक विचारायचं, "कारागीर जेवायला गेलेत का?" मी डोळ्याला आयग्लास, घड्याळजीचं भिंग, लावून समोरच बसलेली असायचे. पहिली काही वर्षं मी नीट उत्तर द्यायचे. नंतर म्हणायचे, हो, गेलेत, तुम्हीही जाऊन या. माझ्याबद्दल तक्रारी व्हायच्या, पण काम परत यायचं नाही, म्हणून साहेब गप्प बसायचे.

रिटायर झाल्यावर भाच्याने मला फोनवर एका ग्रुपमध्ये घातलं. भाईंदरपासून विरारपर्यंतचे जुन्या घड्याळांचे शौकीन, सगळे पुरुष. गाडीच्या स्टिअरिंगवर हात ठेवून मनगटाचा फोटो काढायचा आणि विचारायचं, डायल ओरिजिनल आहे का. मग पाच जण पाच अकला पाजळणार. मला ते बघवायचं नाही. अरे, जुन्या डायलवरची अक्षरं कशी कातीव असतात, रंगवलेल्या डायलवर त्यांचे पाय कसे सुजतात, हे दिसत नाही का तुम्हाला? सहाच्या खाली काठाला अगदी बारीक अक्षरांची एक ओळ असते, रंगवणाऱ्याचा हात नेमका तिथे चुकतो. काठावरच्या मिनिटांच्या रेघा आकड्यांशी जुळत नाहीत. मधल्या भोकापाशी रंग साचतो. डायल कारखान्यातून आली तशी आहे की नंतर कुणी खरवडून पुन्हा रंगवली, हे मला फोटोतसुद्धा कळतं. मी फार लिहीत बसायचे नाही. एकच शब्द टाकायचे. 'मूळ', नाहीतर 'रिडायल'. त्यावर ग्रुप गप्प व्हायचा आणि मला बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू.

तर मासेवालीची गोष्ट अशी. तिचा बाप मुर्ध्याच्या मिठागरावर मुकादम होता. आगराच्या मालकाने खूश होऊन त्याला एक स्विस घड्याळ दिलं होतं. पाण्यात उतरताना तो ते मनगटावरून काढून पट्ट्यासकट दंडावर चढवायचा. तो गेला तेव्हा तिच्या आईने घड्याळ पानाच्या डब्यात ठेवलं आणि कुणाला चावी देऊ दिली नाही. 'त्याच्या हातची चावी हाय, ती उतरंल तवा उतरंल,' म्हणायची. चावी दुसऱ्याच दिवशी उतरली असणार. घड्याळ मात्र चाळीसेक वर्षं तसंच पडून राहिलं. आई गेल्यावर डबा हिच्याकडे आला.

एप्रिलात हिच्या मुलीचं लग्न काशीमीऱ्याच्या एका घरात झालं. रायगडकडची माणसं, हायवेला टेम्पोच्या पार्टचं दुकान. जावयाला घड्याळ द्यायची रीत, तेव्हा ही दुकानात जाऊन नवंकोरं घेणार होती. पोरगीच म्हणाली, आई, आज्याचंच दे. हिला भरून आलं. पण डबा उघडून बघते तर डायलवर तपकिरी डाग. मंगलकार्यात डाग पडलेली वस्तू कशी द्यायची? लुगड्यावर हळदीचा सोडून दुसरा डाग चालत नाही, आणि हे तर जावयाच्या हातात घालायचं. तिने स्टेशनजवळच्या घड्याळवाल्याकडे नेऊन डायल नवी करून घेतली. दुधासारखी पांढरी. मांडवात सगळ्यांनी घड्याळ हातात घेऊन बघितलं.

पुढे जावयाने हौसेने फोटो कुठेतरी टाकला आणि कुणी दीडशहाण्याने लिहिलं की हे डुप्लिकेट आहे. जावई हसला आणि त्याने ते घरात सगळ्यांना दाखवलं. तिथून सुरुवात झाली. सासरा आरडाओरडा करणारा नाही. तो गोड बोलतो. मुर्ध्याहून पापलेट गेलं की विचारतो, "सूनबाई, पापलेट ओरिजिनल आहे ना?" दिवाळीची साडी गेली, "जरीचे काठ ओरिजिनल आहेत ना, बघून घ्या." पाहुणे आले की त्यांच्यासमोर घड्याळाची गोष्ट सांगतो, आणि पाहुणे हसतात. शेवटी पोरीनेच आईला फोन करून सांगितलं, तू काही घेऊन येऊ नकोस.

"माज्या हातची मासली नको सांगते," ती म्हणाली. "अख्ख्या भाईंदरला मी मासली घालते नि माज्या पोरीला न्हाय."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. रंगवलेलं घड्याळ आणि डुप्लिकेट घड्याळ यांत जमीनअस्मानाचा फरक असतो, हे ज्याला कळत नाही त्याने तोंड उघडायचंच कशाला? घराला नवा रंग दिला म्हणून घर दुसऱ्याचं होतं का? मी म्हटलं, कोण तो मेला, दाखव मला. तिने कमरेचा फोन काढला. पोरीने पाठवलेला त्या मेसेजचा फोटो त्यात होता. तिला वाचता येत नाही, आणि लाजेने तिने तो कुणाला वाचायलाही दिला नव्हता. मी चष्मा लावला.

जावयाचा फोटो. मनगट, पांढरी डायल. 'ओरिजिनल आहे का?' त्याखाली एक शब्द, 'रिडायल'. त्याखाली आणखी कुणीतरी विचारलेलं, 'म्हणजे डुप्लिकेट ना?' आणि त्या प्रश्नाला एक अंगठा. ग्रुप आमचाच निघाला; माझ्या फोनवर तो मेसेज काढून अंगठ्यावर बोट दाबलं, म्हणजे तो कुणी दिला ते दिसतं. शब्दावरही माझं नाव होतं, अंगठ्यावरही माझंच.

मला तो दिवस आठवेना. कुकरच्या शिट्ट्या मोजताना दिला असेल, टीव्ही बघताना दिला असेल. 'रिडायल' लिहिलं ते बरोबरच होतं, आजही तेच लिहीन. पण अंगठा? पुढचा माणूस काय विचारतोय ते नीट न वाचता, हां हां बाबा, सोड आता माझा पिच्छा, अशा थाटात मी तो चिकटवला होता. इतका राग मला कुणाचाच आला नव्हता. नवरा गॅलरीतून आत आला आणि माझं तोंड बघून परत गेला.

तिला मी काही बोलले नाही. लाज वाटली, दुसरं काय. म्हटलं, जुना फोटो आहे का, रंगवायच्या आधीचा? होता. पोरीने पानाच्या डब्यातच काढलेला. मी तो मोठा करून बघितला आणि कपाळावर हात मारला. तो डाग घाणीचा नव्हता. जुन्या घड्याळांच्या काट्यांवर रेडियम असायचं, अंधारात चमकायला. काटे वर्षानुवर्षं एकाच जागी उभे राहिले की त्या रेडियमने खालची डायल भाजते. भिंतीवरची तसबीर काढल्यावर मागे खूण राहते, तशी काट्यांची खूण डायलवर उमटते. दोन्ही काट्यांभोवती त्यांचीच खूण स्वच्छ उमटली होती, पावणेचारला. असा डाग कुणी मुद्दाम करू शकत नाही. डायल मूळ असल्याचा याहून पक्का पुरावा नसतो. ग्रुपमधले ते सगळे स्टिअरिंगवाले अशा डागासाठी जीव टाकतात.

मी तिला हे सोपं करून सांगितलं.

"मंग बापाची चावी सपली तो टाइम व्हता त्यो," ती म्हणाली. "नि आमी पैसं देऊन पुसला."

सोमवारी मी स्टेशनजवळच्या त्या घड्याळवाल्याकडे गेले. कुणावर तरी ओरडायचं होतं मला. म्हातारा माणूस, टीचभर दुकान, काचेखाली पट्टे मांडलेले. मी त्याला फोटो दाखवून म्हटलं, इतकी वर्षं धंद्यात आहात, ये रेडियम का दाग है, इतना भी नहीं समझा? त्याने चष्मा वर करून बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "समझा दीदी. लेकिन शादी में देने का था. दाग वाला कैसे देता?" मग जरा काळजीने विचारलं, "क्यों, अच्छा नहीं बना क्या?" चांगलंच बनलं होतं. बारीक अक्षरांची ओळसुद्धा त्याने जवळजवळ सरळ आणली होती. त्याच्यावर ओरडायला मला काही सापडलं नाही.

बुधवारी मासेवालीची पाटी रिकामी झाल्यावर आम्ही दोघी रिक्षाने काशीमीऱ्याला निघालो. माझ्या पर्समध्ये आयग्लास, स्क्रूड्रायव्हर, काटे काढायचं हत्यार, सगळं होतं. गोल्डन नेस्टच्या सिग्नलला ट्रॅफिक लागलं. तिथे मला ते पोटात ठेवणं जमेना. मी तिला सांगितलं की तो मेसेज माझा आहे. अंगठाही माझा आहे.

तिने रिकामी पाटी मांडीवर घट्ट धरली. रिक्षा सुटली, पुढे दोन बस आडव्या आल्या, पुन्हा थांबली. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू लिवलंस ना? मंग तूच पूस आता."

सासऱ्याचं घर दुकानाच्या मागेच, पहिल्या मजल्यावर. माणूस अगदी सभ्य. या ताई, बसा ताई. मासेवालीला 'विहीणबाई' म्हणाला, पंखा तिच्याकडे वळवला. सुनेला चहा टाकायला सांगितला. त्याचं सभ्यपण बघून माझ्या अंगाचा तिळपापड होत होता, पण मी चहा घेतला. जावई सोफ्यावर फोन घेऊन बसला होता. मी म्हटलं, घड्याळ द्या, मी बघते. मी अठ्ठावीस वर्षं हेच केलंय.

जेवणाच्या टेबलावर पांढरा रुमाल पसरला आणि घड्याळ उघडलं. मशीन बाहेर काढलं, काटे उतरवले, डायल सोडवली आणि उलटी करून ठेवली. रंगवणारा पुढची बाजू खरवडतो, मागच्या बाजूला हात लावत नाही. मागे जुनं पितळ होतं, काळवंडलेलं. कारखान्याचा शिक्का होता. डायल मशीनला धरून ठेवणारे दोन्ही पाय जसेच्या तसे, कुठे डाग देऊन, झाळून जोडलेले नाहीत. मी आयग्लास सासऱ्याच्या हातात दिला आणि म्हटलं, बघा. हा पत्रा या घड्याळाचाच आहे. मशीन याचंच, बाहेरची केस याचीच. फक्त पुढचा रंग नवा आहे. मग जुना फोटो दाखवला, रेडियमचं सांगितलं, पट्ट्याच्या खाचेजवळचा ओरखडा फोटोत आणि हातातल्या घड्याळावर एकच कसा आहे ते दाखवलं. पोरगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. इतकं सविस्तर मी साहेबांपुढेही कधी बोलले नव्हते.

त्याने आयग्लास डोळ्याला न लावता टेबलावर ठेवला.

"ताई, आम्ही अडाणी माणसं. एका शब्दात सांगा. डायल ओरिजिनल आहे का?"

"पत्रा मूळ आहे. रंग नवा."

"म्हणजे ओरिजिनल नाही."

"डुप्लिकेटही नाही. तेच सांगायला आलेय मी."

"पण त्या माणसाने तर डुप्लिकेट सांगितलं ना."

"तो माणूस मीच," मी म्हटलं. "चुकून सांगितलं. मी माफी मागायला आलेय."

त्याने मुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हसला. खरंच हसू आलं त्याला. "म्हणजे ग्रुपवर डुप्लिकेट म्हणणाऱ्या तुम्ही, आणि विहीणबाईंबरोबर येऊन नाही म्हणणाऱ्याही तुम्हीच. मग आम्ही कोणत्या ताईंचं ऐकायचं?"

जावई म्हणाला, पप्पा, जाऊ दे ना. तो म्हणाला, मी काय बोललो का? मी फक्त विचारतोय.

मग माझा तोल गेला. मी म्हटलं, डाग पडलेलं घड्याळ लग्नात दिलं असतं तर घेतलं असतंत तुम्ही? मांडवात हातात घेऊन मिरवलं असतंत? त्याने खरं उत्तर दिलं, हे मला कबूल करावं लागेल. म्हणाला, "लग्नात डागाचं? नसतं घेतलं." मग त्या बाईने काय करायचं होतं, मी विचारलं. "नवं द्यायचं," तो म्हणाला. "कोण नाही म्हणालं होतं? जुनं रंगवून कशाला द्यायचं?" मी म्हटलं, तुम्हाला द्यायचं म्हणून तिने बापाची शेवटची खूण पुसली, आणि तुम्ही तिच्या पोरीला पापलेटावरून टोमणे मारताय, लाज वाटत नाही? मासेवालीने टेबलाखालून माझा पदर ओढला. मी थांबले नाही. मी आणखीही बोलले, ते लिहिण्यासारखं नाही. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "ताई, तुम्ही रागावू नका. माझं एवढंच म्हणणं की तुम्ही एकदा तरी ओरिजिनल म्हणा, मी आत्ता विषय संपवतो. तुमचा शब्द. म्हणा."

मासेवाली माझ्याकडे बघत होती, पोरगी बघत होती. जावयाने फोन खाली ठेवला होता. समोर रुमालावर डायल पडली होती, दुधासारखी पांढरी, तीनच्या आकड्याचं पोट जरा सुजलेलं. आयुष्यभर मी हा एक शब्द जपून वापरला होता. साहेबांच्या ओळखीच्या माणसांनी मागितला तेव्हा दिला नव्हता. सख्ख्या भावाने त्याच्या घड्याळासाठी मागितला तेव्हा दिला नव्हता. आणि या गोड बोलणाऱ्या माणसाने मला कोपऱ्यात घेऊन तो मागावा, या विचारानेच माझं डोकं फिरलं.

"डायल रंगवलेली आहे," मी म्हटलं. "मी खोटं बोलत नाही."

"झालं तर मग," तो म्हणाला. "सूनबाई, कप उचला."

घड्याळ मी पुन्हा जोडून दिलं. काटे बरोबर बसले. मासेवाली पाटी घेऊन माझ्या आधी खाली उतरली आणि थेट रस्त्यापर्यंत चालत गेली.

पोरगी मला जिन्यापर्यंत सोडायला आली. हाताला भांड्यांचं पाणी होतं, ते तिने ओढणीला पुसलं. मी म्हटलं, त्याच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस, तुझ्या आज्याचं घड्याळ अस्सल आहे, मी सांगते ना तुला. माझा आवाज अजून चढलेलाच होता.

"मला माहितेय ते," ती हळू म्हणाली. "मला नव्हतं सांगायचं काकी, त्यांना सांगायचं होतं. एकच शब्द मागत होते. त्यांना काय कळणार होतं?"

मी तिला समजावू लागले की तसं म्हणता येत नाही, रंग मूळ नसला तर मूळ कसं म्हणायचं. आतून सासऱ्याने तिला हाक मारली, गोड आवाजात.

"तुम्ही खरं बोलून घरी चाललात," ती म्हणाली. "मला इथे राहायचंय." आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं.